शंभर सफरचंदे, चांगली मिळाली तर : विन्दोलांडाच्या याद्या (थ्रेड)

भरडलेले पावटे, दोन मापे. कोंबड्या, वीस. सफरचंदे शंभर, चांगली मिळाली तर. अंडी शंभर किंवा दोनशे, तिथे वाजवी भावाने विकत मिळत असतील तर. त्याखाली माशांच्या खारवलेल्या रसाची आठ मापे आणि ऑलिव्हचे एक माप.

वाचताना एखाद्या लग्नघरच्या आचाऱ्याने लिहून दिलेली सामानाची यादी वाटावी. प्रत्यक्षात ती इसवी सन १०० च्या आगेमागे, रोमन साम्राज्याच्या उत्तर टोकाला, लाकडाच्या एका पातळ ढलपीवर शाईने लिहिली गेली. बाजार करून माणूस परत येईपर्यंत ती टिकावी, यापलीकडे लिहिणाऱ्याची काही अपेक्षा नसणार. ती एकोणीसशे वर्षे टिकली.

ठिकाण आहे विन्दोलांडा. इंग्लंडच्या उत्तरेस, नॉर्थम्बरलँड परगण्यात, हेड्रियनच्या प्रसिद्ध भिंतीच्या थोडे दक्षिणेस. मात्र भिंतीचे बांधकाम इसवी सन १२२ मध्ये सुरू झाले आणि येथील बहुतेक लेख त्याआधीच्या दोन-तीन दशकांतले आहेत. भिंत नव्हती तेव्हा पूर्व-पश्चिम जाणाऱ्या एका लष्करी रस्त्याला धरून किल्ल्यांची रांग होती; त्यांतलाच हा एक. हे सुरुवातीचे किल्ले लाकडाचे. काही वर्षांनी लाकूड कुजे किंवा पलटण बदले, की जुना किल्ला पाडून त्याच जागी नवा उभा राही. पाडताना आतला कचरा उचलण्याचे कष्ट कोणी घेत नसे. त्यावर चिकणमाती आणि गवताची ढेकळे पसरून नवी जमीन केली जाई. खालच्या ओल्या थरांत हवा पोहोचली नाही. त्यामुळे लाकूड, चामडे, कापड असे जे इतरत्र केव्हाच मातीला मिळाले असते, ते येथे शिल्लक राहिले.

मार्च १९७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांच्या पथकाला येथे एक चर खणताना लाकडाचे पातळ तुकडे मिळाले. प्रथम ती रंध्याखालून निघालेली साले वाटली. दोन तुकडे एकमेकांना चिकटलेले होते. ते अलगद सोडवले तेव्हा आतल्या बाजूस बारीक अक्षरे दिसली. हवा लागताच शाई दिसेनाशी होऊ लागली. ती पुन्हा दिसली अवरक्त किरणांनी काढलेल्या छायाचित्रांत. पुढे अॅलन बोमन आणि डेव्हिड थॉमस या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे खपून या फळ्यांचे वाचन प्रसिद्ध केले. लिपी लॅटिनच, पण शिलालेखांवरची कोरीव ठसठशीत लॅटिन नव्हे. ती घाईची, वळणदार, कारकुनी लिपी होती. देवनागरी उत्तम वाचणारा मोडीपुढे जसा अडखळतो, तसे लॅटिनचे पंडितही या अक्षरांपुढे अडखळले.

फळ्या पोस्टकार्डाएवढ्या, जाडीने फार तर तीन मिलिमीटर, बर्च किंवा आल्डर अशा स्थानिक झाडांच्या. मधोमध घडी घालून त्या मिटता येत. आजवर अशा दीड हजारांहून अधिक फळ्या सापडल्या आहेत. त्यांतली सर्वांत गाजलेली म्हणजे क्लॉडिया सेव्हेराने किल्लेदाराच्या पत्नीला, सुल्पिकिया लेपिडिनाला, धाडलेले वाढदिवसाचे निमंत्रण. ते गाजणे रास्तच आहे. अखेरच्या ओळी तिने स्वहस्ते लिहिल्या आहेत. पण संग्रहाचा मोठा भाग निमंत्रणांचा नाही. तो हिशेब, हजेऱ्या आणि याद्या यांचा आहे आणि तो वाचायला फारसे कोणी थांबत नाही.

थांबावे असे त्यात पुष्कळ आहे.

याच काळात, इसवी सन ९८ च्या सुमारास, रोमन इतिहासकार टॅसिटसने आपले सासरे अॅग्रिकोला यांचे चरित्र लिहिले. अॅग्रिकोला ब्रिटनचे सुभेदार होते. चरित्रातल्या मोठ्या लढाईत बटावी आणि तुंग्री या जमातींची पथके आघाडीवर आहेत. हे लोक आजच्या नेदरलँड्स-बेल्जियम भागातले, रोमच्या सेवेत भरती झालेले. ग्रंथात ते शौर्याने लढतात, शत्रूला टेकडीवर मागे रेटतात आणि कथेतून नाहीसे होतात. विन्दोलांडात राहिलेल्या पलटणी याच जमातींच्या. त्यांतल्या तुंग्रींच्या पहिल्या पलटणीचा एक हजेरीपट मिळाला आहे. तारीख १८ मे. पलटणीचा प्रमुख युलियस व्हेरेकुंडस.

पटावर एकूण ७५२ माणसे, त्यांत सहा सेंच्युरियन, म्हणजे तुकड्यांचे नायक. यांपैकी ४५६ माणसे किल्ल्याबाहेर. ३३७ जण जवळच्या कोरिया या तळावर, ४६ जण सुभेदाराच्या खास पहाऱ्यात, बाकीचे इकडेतिकडे पांगलेले. सहांपैकी पाच सेंच्युरियनही बाहेरच. किल्ल्यात उरले २९६. त्यांतही १५ आजारी, ६ जखमी आणि १० जणांचे डोळे आलेले. म्हणजे कामास उभे राहू शकतील असे २६५.

नकाशावर पलटणीची खूण असते तेव्हा साडेसातशे माणसे एका तटाच्या आत सज्ज उभी आहेत असेच चित्र मनात येते. पट सांगतो की त्या दिवशी त्यांतली जेमतेम एकतृतीयांश माणसे कामाची होती आणि किल्ल्यात एकच नायक होता. डोळे आलेल्या दहा जणांची स्वतंत्र नोंद तर कोणत्याही चरित्रकाराने केली नसती. कारकुनाने ती केली, कारण उद्या पहाऱ्यावर कोणाला धाडायचे हे त्यावरून ठरणार होते.

दुसऱ्या एका फळीवर कामाची वाटणी आहे. २५ एप्रिल, कारखान्यांत माणसे ३४३. त्यांपैकी जोडे शिवणारे १२. स्नानगृहाच्या बांधकामावर गवंडी १८. पुढे शिशाच्या कामावर किती, भट्ट्यांवर किती, चिखल आणायला किती, गिलावा करायला कोण. हाती तलवार घेऊन उभा असलेला रोमन सैनिक शिल्पांतून आणि चित्रपटांतून सर्वांच्या ओळखीचा आहे. या फळीवरचा सैनिक वसंतातल्या त्या दिवशी चिखल तुडवतो आहे किंवा चामड्यात सुई खुपसतो आहे. साम्राज्य चालत होते ते बऱ्याच अंशी असे.

किल्लेदाराच्या घरचा रोजखर्चही हाती आला आहे, जून महिन्यातला. जव, मद्य, स्थानिक बिअर, शिरका, माशांचा रस, डुकराची चरबी, तारीखवार. एका देवीच्या उत्सवासाठी मद्य निघाले त्याचीही नोंद आहे. मध्येच एक वाक्य येते की धनी मंडळी ब्रिगा येथे मुक्कामाला राहिली. हिशेबात या वाक्याचे काय काम, असे वाटेल. ज्याने कधी घरखर्चाची वही ठेवली आहे त्याला ते लगेच कळेल. उद्या कोणी विचारले की त्या दिवसाचा खर्च वेगळा का, तर उत्तर तिथेच हवे.

येथे आपल्या भाषेकडे क्षणभर वळायला हरकत नाही. ‘यादी’ हा शब्द फारसी ‘याद’ या शब्दावरून आला आहे. याद म्हणजे स्मरण. मराठेशाहीच्या दफ्तरांत ‘याद’ हा कागदाचा एक प्रकारच होता. जे डोक्यात राहणार नाही ते कागदाच्या स्वाधीन करणे, हा अर्थ त्या शब्दातच आहे. विन्दोलांडाचे कारकूनही परक्या राज्यभाषेत लिहीत होते आणि त्यांच्या लॅटिनमध्ये बिअरसाठी आलेला शब्द मूळचा लॅटिन नव्हे, केल्टिक आहे. वरून आलेली भाषा हिशेबाच्या पानावर उतरली की बाजारातले शब्द तिच्यात शिरतात. मराठी दफ्तरांत हे उलटसुलट दोन्ही दिशांनी घडलेले दिसते.

आणखी एका फळीवर सैनिकांची नावे, त्यांनी घेतलेल्या वस्तू आणि त्यांचे दाम आहेत. टाप्पोचा मुलगा गांबाक्स याच्या नावापुढे मिरी, दोन देनारियस. दुसऱ्या कोणापुढे रुमाल, कोणापुढे चरबी, कोणापुढे चामड्याच्या वाद्या. ही मिरी काळी मिरी असेल, तर ती मलबारच्या किनाऱ्यावरूनच आलेली असणार. मुझिरिस बंदरातून गलबतात, मोसमी वाऱ्यावर तांबड्या समुद्रापर्यंत, तेथून उंटांवरून नाईल नदीकडे, मग अलेक्झांड्रिया, भूमध्य समुद्र आणि रोम. वाटेवरच्या बेरेनिके बंदराच्या उत्खननात भारतीय बनावटीच्या एका रांजणात सुमारे साडेसात किलो काळी मिरी मिळाली आहे. याच व्यापाराचे वर्णन करणाऱ्या ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात सोपारा आणि कल्याण ही बंदरे आहेत, पैठण आणि तेर या पेठाही आहेत. त्या साखळीचे अगदी शेवटचे टोक म्हणजे गांबाक्स. तो सुभेदार नव्हता, सावकार नव्हता. पलटणीतला माणूस होता. रोमन श्रीमंतांच्या मसाल्याच्या वेडाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. साम्राज्याच्या गारठलेल्या कडेवर एक साधा शिपाई आपल्या पैशाने मिरी घेत होता, हे कळायला ही यादी सापडावी लागली.

हे सारे जपून ठेवलेले दफ्तर नव्हे. इसवी सन १०५ च्या सुमारास बटावींच्या नवव्या पलटणीला डॅन्यूब नदीकडच्या युद्धासाठी हलवण्यात आले. निघण्यापूर्वी नको असलेल्या फळ्या बाहेर नेऊन पेटवून दिल्या गेल्या. त्यांतल्या काही अर्धवट जळलेल्या अवस्थेत मिळाल्या. उत्खननकर्त्यांचा तर्क असा की पाऊस आला आणि होळी विझली. उत्तर इंग्लंडच्या हवेचा इतिहासावर एवढा उपकार दुसरा नसेल.

आता पुन्हा त्या पहिल्या यादीकडे. पावट्यांपुढे अट नाही, कोंबड्यांपुढे नाही, ऑलिव्हपुढे नाही. सफरचंदांपुढे ‘चांगली मिळाली तर’ आणि अंड्यांपुढे ‘वाजवी भाव असेल तर’. सफरचंद आतून किडके निघते आणि अंड्यांचा भाव दिवसागणिक हलतो, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. त्याला हेही ठाऊक होते की तो स्वतः बाजारात उभा नसेल. मग शंभर घ्यायची की दोनशे, हे ठरवणार कोण? जो बाजारात जाईल तो. त्याने फळ हातात घेऊन पाहायचे, विक्रेत्याशी घासाघीस करायची, भाव पटला नाही तर निघून यायचे. दोनशे अंड्यांचे पैसे त्याच्या कमरेला असणार आणि ते खर्चायचे की नाही हा निर्णय त्याचा.

फळीच्या मागच्या बाजूस पत्ता आहे. अभ्यासकांनी लावलेल्या वाचनानुसार ती व्हेरेकुंडस नावाच्या माणसाच्या गुलामाला उद्देशून आहे. हजेरीपटावरचा पलटणप्रमुखही व्हेरेकुंडसच. पण ते नाव तेव्हा सर्रास आढळणारे, म्हणून माणूसही तोच असे धरून चालता येत नाही. रोमन कायद्याने गुलाम हा मालकाच्या मालमत्तेत मोडे, या यादीतल्या कोंबड्यांसारखाच. त्याच कायद्याखाली राहणाऱ्या कोणीतरी लाकडावर लिहून त्याची पारख आणि त्याचा हिशेब यांवर भिस्त ठेवली आहे.

मालकाचे नाव आजही वाचता येते. बाजाराला गेलेल्या त्या माणसाचे नाव जिथे असायला हवे, तिथे फळीवर अक्षरे उरलेली नाहीत.