फसलेल्या सांध्यांची नोंदवही

"गुडघा बदलला" हे वाक्य आज आपल्याकडे "चष्मा बदलला" इतक्या सहजतेने बोलले जाते. भेटायला गेलेली मंडळी दोन प्रश्न हमखास विचारतात. डॉक्टर कोण आणि खर्च किती? दहा-पंधरा वर्षांनी हा सांधा कसा असेल, हा तिसरा प्रश्न मात्र सहसा कोणाच्या तोंडी येत नाही. गुडघा आणि खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचताना मला जाणवले, की ती आज भरवशाची वाटते ती या तिसऱ्या प्रश्नामुळेच. जिथे तो विचारला गेला नाही, तिथे माणसे भरडली गेली.

सुरुवात १८९० सालच्या बर्लिनमध्ये होते. थेमिस्टोक्लेस ग्लूक या शल्यविशारदाने क्षयाने खाल्लेल्या गुडघ्यात हस्तिदंती सांधा बसवला. पहिले काही दिवस बरे गेले, पण जंतुसंसर्गाने सारे मातीमोल केले. पुढे १९२३ साली बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी खुब्याच्या गोळ्यावर काचेची वाटी घालून पाहिली. काच ती, अंगाच्या भाराने फुटली. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसच्या ज्युडे बंधूंनी ॲक्रिलिकचा गोळा बसवला. तोही झिजू लागला, सैल होऊ लागला.

असाच एक ज्युडे बंधूंच्या पद्धतीचा खुबा बसवलेला रुग्ण इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांच्याकडे आला. तो जेवणाच्या टेबलावर पुढे वाकला की खुबा कुरकुरायचा आणि त्याची बायको वैतागायची! दुसऱ्या एखाद्याने हसून सोडून दिले असते. चार्नलींनी मात्र त्या कुरकुरीचे कारण शोधले. नैसर्गिक सांध्यात घर्षण जवळजवळ नसतेच, या कृत्रिम सांध्यात ते भलतेच होते. त्या घर्षणानेच सांधा सैल होत होता.

लँकशायरमधील रायटिंग्टन येथे क्षयरोग्यांचे जुने रुग्णालय होते. तिथे चार्नलींनी आपले काम मांडले. पोलादाचा लहान गोळा, त्याला प्लास्टिकची वाटी, आणि दोन्ही हाडात पक्के बसवायला दंतवैद्यांच्या वापरातले ॲक्रिलिक सिमेंट. वाटीसाठी त्यांनी टेफ्लॉन निवडले. १९५८ पासून सुमारे तीनशे रुग्णांवर शस्त्रक्रिया झाल्या. अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. चार्नलींनी तिथेच मोजणी थांबवली असती तर ते तेव्हाच थोर ठरले असते. पण ते रुग्णांना पुन्हा पुन्हा बोलावून तपासत राहिले. दोन-तीन वर्षांत दिसून आले, की टेफ्लॉन झपाट्याने झिजते आहे आणि त्याचा चुरा भोवतालचे हाड खातो आहे. ते सांधे चार्नलींना पुन्हा उघडावे लागले. खरा दोष टेफ्लॉनचाच आहे का, हे पाहण्यासाठी त्यांनी त्याचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले आणि शरीर त्याला कसे झिडकारते हे १९६३ साली छापून जाहीर केले.

यातून वाट निघाली तीही गमतीची. यंत्रमागाच्या सुट्या भागांसाठी वापरले जाणारे एक पॉलिथिलीन १९६२ साली एका विक्रेत्याने आणले. चार्नलींना ते नजरेसही भरले नाही. पण त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने ते गुपचूप घासणीच्या यंत्रावर लावले आणि ते फारसे झिजेना! त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याची वाटी पहिल्यांदा माणसाला बसली. तरीही चार्नली घाई करीनात. बराच काळ, रायटिंग्टनला येऊन शिकून गेलेल्यांनाच ते आपला सांधा वापरू देत. मृत्यूनंतर सांधा तपासायला परत द्यावा, अशी विनंती ते रुग्णांना करीत, आणि कितीतरी रुग्ण आनंदाने होकार देत.

गुडघ्याचे गणित आणखी अवघड. तो नुसता बिजागरीसारखा वाकत नाही, सरकतो आणि किंचित फिरतोही. सुरुवातीचे बिजागरीचे सांधे म्हणूनच सैल पडत. १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि चित्तरंजन राणावत यांनी जो गुडघा घडवला, त्याच्याच वाटेने आजचे बहुतेक गुडघे चालतात. यातले डॉ. राणावत आमच्या मराठी मंडळींच्या जुन्या इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. ग्वाल्हेरच्या अटलजींचे गुडघे २००० आणि २००१ मध्ये मुंबईला बदलले तेही त्यांनीच. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया आपल्याकडे घरोघरी चर्चेत आली.

एकट्या डॉक्टरने करायची ही मोजणी स्वीडनने देशपातळीवर नेली. १९७५ साली गुडघ्यांची आणि १९७९ साली खुब्यांची राष्ट्रीय नोंदवही तिथे सुरू झाली. कोणता सांधा, कोणाला, कधी बसवला आणि पुन्हा उघडावा लागला का, एवढ्याच मुख्य नोंदी. पण त्यातून वाईट सांधा लवकर उघडा पडतो. धातूवर धातू घासणारा डेप्यू कंपनीचा एएसआर खुबा ऑस्ट्रेलियाच्या अशाच नोंदवहीने संशयाच्या यादीत टाकला. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून मागे घेतला. त्याच्या झिजेतून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होते.

भारतात हा खुबा सुमारे ४,७०० जणांना बसला होता. सरकारी समितीचा अहवाल २०१८ साली लोकांसमोर आला तेव्हा कळले, की त्यातल्या तीन हजारांहून अधिक जणांचा पत्ताच लागलेला नाही. भरपाई कोणाला द्यायची? सावध तरी कोणाला करायचे? आपल्याकडेही शल्यविशारदांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण तीत नोंद करणे ऐच्छिक आहे.

मी सरकारी कारकून. कर्मचाऱ्यांची मेडिकल बिले माझ्या टेबलावरून जातात. सांधेबदलाच्या बिलाला सांध्याच्या खोक्यावरचा छोटा स्टिकर जोडलेला असतो, त्यावर कंपनीचे नाव आणि क्रमांक. बिल मंजूर होते, फाइल कपाटात जाते आणि पुढे कधीतरी रद्दीत. तो स्टिकर म्हणजे त्या सांध्याची जन्मपत्रिका, हे आम्हा कारकुनांना कोणी सांगितले नाही आणि रुग्णांनाही नाही.

हे मी भीती घालण्यासाठी लिहीत नाही. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदवह्यांवरून २०१९ साली मांडलेला हिशेब असा, की शंभरांतले सुमारे ८२ गुडघे आणि ५८ खुबे पंचवीस वर्षे टिकतात. ही मोठीच गोष्ट आहे. पण जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी, खुबा निखळणे हे धोके आजही आहेत, आणि गुडघा बदललेल्या दर पाचांतला जवळजवळ एक जण मनासारखा समाधानी नसतो.

माझ्या आईचे दोन्ही गुडघे झिजले आहेत. यंदा निर्णय घ्यायचा आहे. मी डॉक्टरांना तो तिसरा प्रश्न विचारणार आहे. स्टिकरची एक प्रत घरच्या फाइलीत लावणार आहे. आणि गुडघा अजिबात दुखत नसला तरी दरवर्षी आईला तपासणीला नेणार आहे. तेवढी एक नोंद तरी आपल्या हातात आहे.