बेर्त्रांदला काय माहीत होतं?

माझं काम एका वाक्यात सांगता येतं. समोरचा माणूस खरंच तोच आहे का, हे सॉफ्टवेअरला कळावं म्हणून मी कोड लिहितो. पासवर्ड, ओटीपी, बोटाचा ठसा, चेहरा, सगळं त्यासाठीच. याच कामासाठी काही महिने फ्रान्समधल्या तुलूज शहरात होतो. एकदा जेवताना तिथला सहकारी म्हणाला, "तुझ्या धंद्यातली एक जुनी केस इथून तासाभरावर घडलीय. बघायचंय ते गाव?" पुढच्या शनिवारी त्याच्या गाडीतून आम्ही निघालो.

गावाचं नाव आर्तिगा. तुलूजच्या दक्षिणेला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याकडे जाताना लेझ नावाची छोटी नदी लागते. तिच्या काठाने रस्ता जातो आणि त्या रस्त्यावर हे गाव आहे. वस्ती हजारही नाही. चर्च, नगरपालिकेची छोटी इमारत, भोवती शेतं आणि टेकड्या. दहा मिनिटांत गाव बघून होतं. पण चारशे साठहून जास्त वर्षांपूर्वी इथल्या एका घरातल्या भांडणाने तुलूजच्या मोठमोठ्या न्यायाधीशांची झोप उडवली होती.

ते घर गेर कुटुंबाचं. हे लोक मूळचे समुद्राकाठच्या आंदायचे, बास्क भाषा बोलणारे. 1527 च्या सुमारास ते आर्तिगाला आले, जमीन घेतली, कौलं भाजायची भट्टी टाकली. मुलगा मार्तां जेमतेम चौदा वर्षांचा असताना त्याचं लग्न गावातल्याच बेर्त्रांद द रोल्सशी झालं. तीही लहानच होती. आठ वर्षं मूल झालं नाही. कुणीतरी करणी केली असं गाव बोलायचं. मग एकदाचा मुलगा झाला. आणि 1548 मध्ये, बापाचं थोडं धान्य चोरल्याचा आळ आल्यावर मार्तां घर सोडून गेला. पत्र नाही, निरोप नाही.

बेर्त्रांदचं तेव्हा वय असेल वीस-बावीस. तिच्यापुढचा पेच इथे नीट समजून घ्यायला हवा. नवरा मेल्याचा पुरावा नसेल, तर कितीही वर्षं गेली तरी तिला दुसरं लग्न करता येत नव्हतं. ती सवाष्णही नाही आणि विधवाही नाही. मार्तांचे आईवडील वारले. त्याचा काका पिएर गेर याने बेर्त्रांदच्या विधवा आईशी लग्न केलं, आणि घराचा कारभार त्याच्या हातात गेला.

आठ वर्षांनी, 1556 मध्ये, मार्तां परत आला.

म्हणजे, एक माणूस आला आणि म्हणाला की मी मार्तां. बहिणींनी त्याला मिठ्या मारल्या. काकाने मान्य केलं. बेर्त्रांद आधी थबकली. मग त्याने पेटीत ठेवून गेलेल्या पांढऱ्या पायमोज्यांची आठवण काढली, आणि तिने त्याला घरात घेतलं. आमच्या भाषेत हा 'सिक्युरिटी क्वेश्चन'. तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय, त्या जातीचा. उत्तर बरोबर आलं, दार उघडलं.

तीन वर्षं संसार चांगला चालला. दोन मुली झाल्या, त्यातली एक जगली. मग या मार्तांने काकाकडे हिशेब मागितला: मी नव्हतो तेव्हा माझ्या जमिनीचं उत्पन्न कुठे गेलं? आपल्याकडच्या कुठल्याही गावात हा प्रश्न विचारून बघा. काकाला अचानक पुतण्याविषयी शंका यायला लागली. एका वाटसरू सैनिकाने आणखी सांगितलं, की खऱ्या मार्तांचा तर लढाईत पाय गेलाय. हा माणूस साजास गावचा आर्नो द्यु तिल असल्याचीही कुजबुज सुरू झाली. या आर्नोला लोक 'ढेरपोट्या' अशा अर्थाच्या टोपणनावाने ओळखत.

1560 मध्ये जवळच्या रिय गावच्या न्यायालयात खटला उभा राहिला. दीडशेहून जास्त साक्षीदार आले. चाळीसपेक्षा जास्त जण म्हणाले, हा मार्तां नाही. तीस-चाळीस जण म्हणाले, हाच मार्तां. उरलेले, म्हणजे सगळ्यात जास्त, म्हणाले की आम्हाला सांगता येत नाही. गावच्या चांभाराने साक्ष दिली की मार्तांच्या जोड्याचं माप बारा होतं, याचं नऊ आहे. उलट कपाळावरचा व्रण आणि हातावरच्या चामखिळी जुळत असल्याचं इतरांनी सांगितलं. फोटो कुठून असणार? शेतकऱ्याच्या घरी कुणाचं चित्रही नसायचं. बारा वर्षांपूर्वीचा चेहरा फक्त लोकांच्या डोक्यात होता, आणि प्रत्येकाच्या डोक्यात तो वेगळा होता.

आरोपी बेर्त्रांदकडे बघून म्हणाला, हिने शपथेवर सांगावं की मी हिचा नवरा नाही, मग मला खुशाल मारा. फिर्यादीत तिचं नाव होतं. तरीही ती शपथ घ्यायला तयार झाली नाही.

रियच्या न्यायालयाने त्याला मृत्युदंड दिला. त्याने तुलूजच्या वरिष्ठ न्यायालयात, पार्लमांमध्ये, अपील केलं.

तुलूजला 'गुलाबी शहर' म्हणतात. जवळपास चांगला दगड नाही, म्हणून शहर विटांनी बांधलं. संध्याकाळच्या उन्हात त्या विटा खरोखर गुलाबी दिसतात. त्या काळी निळा रंग देणाऱ्या पास्तेल नावाच्या झाडाच्या व्यापाराने हे शहर गबर झालं होतं. असेझा नावाच्या व्यापाऱ्याने त्याच सुमारास बांधलेला वाडा आजही उभा आहे. आर्तिगातला कौलं भाजणाऱ्यांचा तंटा आता या श्रीमंत शहरातल्या विद्वानांसमोर आला. प्रकरण तपासायचं काम झां द कोरास या न्यायाधीशाकडे होतं. तो कायद्याचा नामवंत प्राध्यापक होता.

कोरासने आरोपीला खोदून खोदून विचारलं. लग्नात कोण आलं होतं, कोण काय बोललं, कपडे कुठले होते. एकही उत्तर चुकेना. निरपराधाला शिक्षा होण्यापेक्षा अपराधी सुटलेला परवडला, या तत्त्वाकडे न्यायाधीश झुकले. आरोपी सुटणार असं दिसत होतं.

आणि जुलैच्या अखेरीस लाकडी पाय लावलेला एक माणूस न्यायालयात आला. मी मार्तां गेर, म्हणाला. तो स्पेनला गेला होता, बुर्गोसला एका कार्डिनलच्या घरी चाकरीला होता, आणि 1557 मध्ये सां-कांतांच्या लढाईत स्पेनच्या बाजूने लढताना त्याचा पाय गेला होता.

मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. जुन्या आठवणींचे प्रश्न दोघांनाही विचारले, तेव्हा या खऱ्या मार्तांची उत्तरं तोतयापेक्षा कच्ची होती. तोतयाने अभ्यास केला होता. खऱ्याला अभ्यास करायची गरजच कधी पडली नव्हती, तो विसरला होता. कुठलीही सिस्टीम त्या दिवशी आर्नोलाच लॉगिन देऊन मोकळी झाली असती. पण काकाने, बहिणींनी नव्या माणसाला बघताच ओळखलं. बेर्त्रांद त्याला बघून थरथरली, रडली, क्षमा मागू लागली. मार्तां मात्र कोरडाच राहिला. इतर चुकले तर चुकले, बायकोने ओळखायला हवं होतं, असं त्याचं म्हणणं. तू टाकून गेलास हाही दोषच, हे कोरासने त्याला ऐकवलं. पण त्याला शिक्षा झाली नाही.

12 सप्टेंबरला निकाल लागला. चार दिवसांनी आर्नोला आर्तिगात, गेर कुटुंबाच्या घरासमोर फाशी दिलं. मरण्याआधी त्याने गुन्हा कबूल केला.

ही गोष्ट वाचताना मराठी माणसाला भाऊसाहेबांचा तोतया आठवणारच. 1761 मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण अनेकांना ते पटलं नाही. पुढे एकाने मीच भाऊ म्हणून दावा केला, रत्नागिरीच्या कैदेतून सुटल्यावर कोकणात धामधूम केली आणि 1776 मध्ये त्याला पुण्यात देहदंड झाला. नवरा गेला हे मान्य न केलेल्या पार्वतीबाई तेव्हा हयात होत्या. तोतयाची गोष्ट आपण बंड म्हणून वाचतो. वाट बघणाऱ्या बाईच्या बाजूने ती क्वचितच वाचतो.

आर्तिगाच्या बाबतीत तसं वाचण्याचा प्रयत्न इतिहासकार नॅटली झेमॉन डेव्हिस यांनी 1983 मध्ये आपल्या पुस्तकात केला. त्यांच्या मते बेर्त्रांदला लवकरच कळलं असणार, आणि तिने कळूनही हा संसार स्वीकारला. 1988 मध्ये रॉबर्ट फिनले यांनी आक्षेप घेतला: कागदपत्रांत याला आधार नाही, ती फसली असंच सगळी साधनं सांगतात. डेव्हिस यांनी त्यांना सविस्तर उत्तरही दिलं.

दोन्ही बाजू वाचल्यावर मला एक साधी गोष्ट दिसली. कळलं होतं असं बेर्त्रांद म्हणाली असती, तर ती व्यभिचारी ठरली असती आणि तिची मुलगी अनौरस. फसले म्हणाली, तर निर्दोष. ज्या प्रश्नाचं एकच उत्तर जीव वाचवतं, त्याचं उत्तर पुरावा म्हणून कसं धरायचं? ती फसली असेलही. पण तिच्या तोंडून दुसरं काही निघण्याची सोयच त्या न्यायालयात नव्हती. शपथेच्या वेळचं तिचं गप्प राहणं मला म्हणूनच तिच्या सगळ्या जबानीपेक्षा जास्त खरं वाटतं.

गावी माझ्या आजीचा अंगठा रेशनच्या यंत्रावर उमटत नाही. आयुष्यभर राखेने भांडी घासून रेषा झिजल्या आहेत. दुकानदार म्हणतो, "आजी, मी ओळखतो हो तुम्हाला, पण यंत्र ओळखत नाही त्याला मी काय करू?" आर्तिगात नेमकं उलटं झालं. ओळखणारी माणसं दीडशे होती आणि त्यातल्या अनेकांना खात्री नव्हती. कुठली पद्धत चांगली, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण कोड लिहिताना आता मी एक प्रश्न जास्त विचारतो: इथे चूक झाली तर ती कुणाला महागात पडेल?

कोरासने निदान एवढा विचार केलेला दिसतो. निकालात आर्नो आणि बेर्त्रांदची मुलगी बेर्नार्द औरस ठरवली गेली, कारण आईने ते लग्न खरं मानलं होतं. आर्नोची मालमत्ताही तिलाच मिळाली. पुढच्याच वर्षी कोरासने या खटल्यावर पुस्तक लिहिलं, ते खूप खपलं. 1572 मध्ये धर्मयुद्धाच्या वणव्यात, प्रोटेस्टंट म्हणून, त्याच तुलूजमध्ये जमावाने त्याला ठार मारलं.

परतताना सहकाऱ्याने गाडी लेझच्या काठाला थांबवली. गेरांचं घर नेमकं कुठे होतं, मी विचारलं. त्याने खांदे उडवले. मग आम्ही थोडा वेळ पाण्याकडे बघत बसलो, आणि अंधार पडायच्या आत तुलूजला पोहोचलो.