मेंदूची तीव्र इजा : अतिदक्षता उपचार व संशोधन (औंध परिसर)

डोक्याला मार लागून शुद्ध हरपलेल्या रुग्णाची अवस्था ग्लासगो कोमा मोजपट्टीने ठरवतात. टीसडेल व जेनेट यांनी ती १९७४ मध्ये मांडली. हाक मारल्यावर डोळे उघडतात का, बोलणे सुसंगत आहे का, नखावर दाब दिल्यावर हात मागे ओढला जातो का, हे पाहून अनुक्रमे ४, ५ व ६ पर्यंत गुण देतात. बेरीज ८ किंवा त्याखाली आली की इजा तीव्र. यंत्राशिवाय होणारी ही तपासणी औंधसारख्या (ता. खटाव, जि. सातारा) गावी फार मोलाची आहे. एकेकाळच्या या संस्थानी राजधानीतून मोठ्या रुग्णालयासाठी सातारा किंवा कऱ्हाड गाठावे लागते. जुन्या संस्थानातल्या आटपाडीकरांना सांगली-मिरज. मेंदूला प्राणवायू व रक्त कमी पडण्याचा धोका याच वाटेवर असतो. वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण साधारण दुप्पट असल्याचे चेस्नट यांनी १९९३ मध्ये दाखवले. अ‍ॅरिझोनात रुग्णवाहिकेतच प्राणवायू, रक्तदाब व श्वासाचा वेग सांभाळण्याची शिस्त लावल्यावर तीव्र इजेचे रुग्ण जगण्याची शक्यता दुपटीने वाढली (२०१९). हा आधी-नंतरचा अभ्यास होता, चिठ्ठी टाकून गट पाडलेला नव्हे. तरी त्याचा रोख स्पष्ट आहे.

औषधांचा इतिहास सावध करणारा आहे. सूज उतरते म्हणून स्टेरॉइड वर्षानुवर्षे दिले जाई. ‘क्रॅश’ चाचणीत (२००४) १०,००८ रुग्णांपैकी ते मिळालेल्यांत दोन आठवड्यांतले मृत्यू २१.१ टक्के, न मिळालेल्यांत १७.९ टक्के निघाले. कवटीतला दाब सुईने मोजण्याबाबत बोलिव्हिया व इक्वेडोरमधली २०१२ ची चाचणी (३२४ रुग्ण) आमच्या भागाला अधिक जवळची: स्कॅन व अंगतपासणीवर चाललेले उपचार त्या मोजमापापेक्षा कमी पडले नाहीत. यावर आक्षेप असा, की म्हणजे दाब मोजणे फोल ठरले का? तसे नाही. दोन्ही गटांना कसून अतिदक्षता मिळाली होती. सुई नसली तरी चालेल, परिचारिकेची डोळ्यांत तेल घालून ठेवलेली नजर नसेल तर चालणार नाही, एवढेच त्यातून निघते. कवटीचा तुकडा काढण्याच्या शस्त्रक्रियेने सहा महिन्यांतले मृत्यू ४८.९ वरून २६.९ टक्क्यांवर आले, पण अचेतन अवस्थेत उरणारे २.१ वरून ८.५ टक्के झाले (२०१६). म्हणून संमती घेताना नातेवाइकांना दोन्ही आकडे सांगायलाच हवेत.

शीतोपचार (शरीर थंड ठेवणे) : या इजेत लाभ सिद्ध नाही.

अचेतन अवस्थेत उरलेल्या रुग्णांबाबतचा कायदा : निष्क्रिय दयामरणास (जगवणारे उपचार थांबवण्यास) सर्वोच्च न्यायालयाने अरुणा शानबाग प्रकरणात (७ मार्च २०११) अटींसह मान्यता दिली.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. तीव्र इजेची अतिदक्षता त्या गाडीतल्या प्राणवायूपासून, सलाइनपासून आणि वेळेसह नोंदवलेल्या कोमा गुणांपासूनच सुरू झाली पाहिजे.