आज्ञावली-लेखन, चित्रमय संवादपटलांचे

संगणकाच्या पडद्यावरील खिडक्या, मेनू, बटणे, चित्रचिन्हे व माउसचा दर्शक यांच्या द्वारे वापरणारी व्यक्ती आणि संगणक यांच्यातील व्यवहार घडवून आणणाऱ्या व्यवस्थेस चित्रमय संवादपटल म्हणतात. असे संवादपटल असलेल्या आज्ञावल्या लिहिण्याची विद्या १९८० नंतरच्या दशकात प्रयोगशाळांबाहेर पडली आणि तिच्या प्रसारात छापील प्रवेशिका-ग्रंथांचा वाटा फार मोठा होता. प्रस्तुत नोंदीत या विद्येचे स्वरूप, प्रवेशिका-ग्रंथांची परंपरा व त्यांतील चार्ल्स पेटझोल्ड (१९५३– ) यांच्या प्रोग्रॅमिंग विंडोज या ग्रंथाचे स्थान यांचा परामर्श घेतला आहे.

स्वरूप : जुन्या पद्धतीच्या आज्ञावलीत सूत्रे आज्ञावलीच्या हाती असत. ती प्रश्न विचारी, उत्तरासाठी थांबे व उत्तर मिळाल्यावर पुढच्या पायरीवर जाई. काम कोणत्या क्रमाने होणार हे आज्ञावलीकाराने आधीच ठरविलेले असे. चित्रमय संवादपटलात हा संबंध उलटा होतो. वापरणारा केव्हा माउसची कळ दाबील, केव्हा खिडकी लहान-मोठी करील व केव्हा मेनू उघडील हे आधी सांगता येत नाही. म्हणून आज्ञावली बहुतेक वेळ वाट पाहत असते. घडलेल्या प्रत्येक गोष्टीचा संदेश कार्यप्रणाली तिच्याकडे धाडते आणि आज्ञावली त्या संदेशापुरते काम करून पुन्हा वाट पाहू लागते. या रचनेस घटनाधारित आज्ञावली-लेखन असे म्हणतात. क्रमाने विचार करण्याची सवय जडलेल्या विद्यार्थ्याला नव्या फंक्शनांची नावे पाठ करण्यापेक्षा विचाराची ही दिशा बदलणेच अधिक जड जाते. प्रवेशिका-ग्रंथांची खरी कसोटी येथे लागली.

पूर्वपीठिका : आयव्हन सदरलंड यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९६३ मध्ये सादर केलेल्या स्केचपॅड या प्रणालीत प्रकाशलेखणीने पडद्यावर आकृत्या काढता येत असत. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथे माउसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले. झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये आल्टो हा संगणक तयार झाला. त्याच केंद्रात ॲलन के, डॅन इंगल्स, ॲडेल गोल्डबर्ग व त्यांचे सहकारी यांनी स्मॉलटॉक ही भाषा विकसित केली. गोल्डबर्ग व के यांनी शाळकरी मुलांनाही ती शिकविली. मात्र या वातावरणात शिकणाऱ्याच्या शेजारी ती भाषा रचणारी माणसेच असत. स्वतंत्र ग्रंथावाचून फारसे अडत नसे. ही व्यवस्था बाजारात विकल्या जाणाऱ्या संगणकांवर आली तेव्हा दूर अंतरावरील अनोळखी आज्ञावलीकाराला ती समजावून देण्याची गरज निर्माण झाली.

मॅकिंटॉश व एक्स : ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश संगणक २४ जानेवारी १९८४ रोजी बाजारात आला. त्याची कार्यस्मृती १२८ किलोबाइट होती आणि खिडक्या, मेनू व रेखन यांची फंक्शने ६४ किलोबाइटच्या कायमस्मृतीत साठविलेली होती. त्यांचे वर्णन करणारा इनसाइड मॅकिंटॉश हा ग्रंथ १९८५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखनात कॅरोलाइन रोझ यांचा प्रमुख भाग होता. हा ग्रंथ अचूक व सविस्तर असला, तरी तो मूलतः संदर्भग्रंथ होता. खिडक्यांचे प्रकरण समजण्यास घटनांचे प्रकरण आणि घटनांचे प्रकरण समजण्यास खिडक्यांचे प्रकरण माहीत असावे लागे. ही अडचण ओळखून स्टीव्हन चेर्निकॉफ यांच्या मॅकिंटॉश रिव्हील्डसारखी क्रमवार मांडणीची पुस्तके निघाली.

मॅसॅचूसेट्स येथेच १९८४ मध्ये सुरू झालेल्या एक्स या खिडकी-प्रणालीची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली व १९८८ पासून ओरायली प्रकाशनाने तिच्यावरील पुस्तिकांची माला काढली. एक्ससाठी केवळ एक अभिवादन पडद्यावर आणणारी निर्दोष आज्ञावली लिहिणे किती अवघड आहे, हा त्याच वर्षी डेव्हिड रोझेंथाल यांनी एका निबंधाचाच विषय केला होता.

पेटझोल्ड यांचा ग्रंथ : मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोजची पहिली आवृत्ती २० नोव्हेंबर १९८५ रोजी विक्रीस आणली. पेटझोल्ड यांनी डिसेंबर १९८६ मध्ये मायक्रोसॉफ्ट सिस्टिम्स जर्नल या नियतकालिकात विंडोजच्या आज्ञावली-लेखनावर लेख लिहिला आणि १९८८ मध्ये त्यांचा प्रोग्रॅमिंग विंडोज हा ग्रंथ मायक्रोसॉफ्ट प्रेसने प्रसिद्ध केला. मे १९९० मध्ये विंडोजची तिसरी आवृत्ती आल्यानंतर या प्रणालीचा प्रसार झपाट्याने झाला व त्याबरोबर ग्रंथाच्या आवृत्त्याही निघत गेल्या. सी भाषेवर आधारलेल्या या ग्रंथाची पाचवी आवृत्ती १९९८ मध्ये निघाली. तिची पृष्ठसंख्या सुमारे दीड हजार आहे.

सी भाषेच्या १९७८ मधील कर्निहन व रिची यांच्या प्रसिद्ध पुस्तकात अभिवादन छापणारी पहिली आज्ञावली चार-पाच ओळींची आहे. पेटझोल्ड यांच्या ग्रंथातील तशाच आज्ञावलीस ऐंशीच्या आसपास ओळी लागतात. नवख्या वाचकाला हा पहिलाच धक्का असे. लेखकाने तो टाळला नाही. पहिल्याच आज्ञावलीतील प्रत्येक ओळ त्याने उलगडून दाखविली. खिडकीच्या वर्गाची नोंदणी, खिडकीची निर्मिती, ती पडद्यावर दाखविणे, संदेश एकामागून एक उचलणारे आवर्तन आणि ते संदेश हाताळणारे फंक्शन हे तिचे घटक होत. यांपैकी शेवटचे फंक्शन आज्ञावलीकार लिहितो, पण त्याला स्वतः बोलावीत नाही. ते विंडोज बोलावते. हा मुद्दा ज्याला उमगला त्याला पुढील सारी प्रकरणे खुली झाली आणि ज्याला उमगला नाही त्याच्या हाती नुसती नक्कल राहिली.

ग्रंथाची पद्धत एकच उदाहरण पायरीपायरीने वाढविण्याची आहे. पडदा, खिडकी इत्यादींची मापे दाखविणारी एक साधी आज्ञावली प्रथम दिली आहे. यादी खिडकीत मावत नाही, म्हणून पुढे तिला सरकपट्टी जोडली जाते, कळफलकाच्या प्रकरणात तीच आज्ञावली बाणांच्या कळांनी चालू लागते व माउसच्या प्रकरणात त्याच्या चाकाने. दुसऱ्या एका उदाहरणात खिडकीचे पाच गुणिले पाच असे पंचवीस चौकोन करून माउसने त्यांवर फुल्या मारता येतात. नंतर तेच काम कळफलकाने आणि त्यानंतर प्रत्येक चौकोनासाठी स्वतंत्र उपखिडकी करून साधले आहे. प्रत्येक नवी सोय आधीच्या आवृत्तीतील उणिवेतून पुढे आल्यामुळे तिची गरज वाचकाच्या ध्यानात येते.

नवशिक्यांच्या चुकाही या विद्येच्या स्वरूपातूनच उद्‌भवत. खिडकीत एकदा काढलेले चित्र टिकून राहील असे विद्यार्थी गृहीत धरी. पण दुसरी खिडकी वर येऊन दूर झाली की तो भाग पुसला जाई, कारण मागणी येताच चित्र पुन्हा काढण्याची जबाबदारी आज्ञावलीची होती. प्रारंभीच्या विंडोजमध्ये रेखनासाठी घ्यावयाची सर्वसामान्य साधनसंदर्भांची संख्या सर्व आज्ञावल्यांत मिळून अवघी पाच होती. एखाद्याने घेतलेला संदर्भ परत केला नाही, तर इतरांचेही काम अडे. तसेच विंडोज ९५ पूर्वी एका आज्ञावलीने दीर्घ आकडेमोडीत संदेश उचलणे थांबविले की सर्वच खिडक्या थिजत. आपली आज्ञावली इतरांच्या सहवासात चालते, ही शिस्त विद्यार्थ्याला अशा अनुभवांतून लागली.

साधनांचा उदय : ॲलन कूपर यांनी रचलेल्या एका आरेखन-साधनाची बेसिक भाषेशी सांगड घालून मायक्रोसॉफ्टने मे १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक प्रसिद्ध केले. बटण माउसने पडद्यावर ठेवावयाचे आणि ते दाबल्यावर काय व्हावे एवढेच लिहावयाचे, अशी त्याची रीत होती. बोरलँड कंपनीचे डेल्फी (१९९५) याच वाटेने गेले. जावा भाषेने १९९६ मध्ये आपल्यासोबतच खिडक्यांचा संच आणला. जॉन ऑस्टरहौट यांच्या टिकेएल व टीके या साधनांवरील १९९४ मधील ग्रंथामुळे हेच काम मोजक्या ओळींत करणे अनेकांना साधले. संदेशांचे आवर्तन या साधनांत नाहीसे झाले नाही. ते दृष्टीआड गेले. परिणामी आज्ञावली-लेखन शेकडो पटींनी अधिक लोकांच्या आटोक्यात आले, असे म्हणता येत नसले, तरी त्याचे दार पुष्कळच रुंदावले हे खरे. मात्र दृष्टीआड झालेल्या भागात बिघाड झाला की तो शोधणे नव्या शिकणाऱ्याला कठीण जाऊ लागले. पेटझोल्ड यांनी २००५ मधील एका व्याख्यानात हा प्रश्न उपस्थित केला. साधनच संहिता लिहू लागले की ते आज्ञावलीकाराच्या विचारालाही वळण लावते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या ग्रंथाची २०१३ मधील सहावी आवृत्ती विंडोज ८ साठी सी शार्प भाषेत नव्याने लिहिलेली आहे.

भारत व मराठी : भारतातील महाविद्यालयांत डॉस प्रणालीवरील टर्बो सी हे साधन विंडोजच्या प्रसारानंतरही दीर्घकाळ वापरात राहिले. त्यामुळे वर्गात क्रमवार आज्ञावली आणि बाहेर खिडक्यांचे जग, अशी तफावत विद्यार्थ्यांच्या वाट्याला आली. नागपूर येथील यशवंत कानेटकर यांच्या लेट अस सी या इंग्रजी पाठ्यपुस्तकाच्या २००० नंतरच्या आवृत्त्यांत विंडोजखालील सी, विंडोजचे आज्ञावली-लेखन व रेखन यांवरील प्रकरणे समाविष्ट झाली. त्यांमुळे टर्बो सीवर शिकलेल्या वाचकाला संदेशांची कल्पना त्याच्या परिचयाच्या भाषेतूनच कळू शकली.

मराठी अक्षरांचा प्रश्न मात्र वेगळा होता. रोमन लिपीत एक कळ व एक अक्षर हे समीकरण बहुधा जमते. देवनागरीत काना, वेलांटी, रफार व जोडाक्षरे यांमुळे साठविलेली चिन्हे आणि पडद्यावर उमटणारी आकृती यांत फरक पडतो. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण लिहिताना त्याच्या आधी काढावी लागते. युनिकोड या संकेतप्रणालीच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा अंतर्भाव होता व पेटझोल्ड यांच्या पाचव्या आवृत्तीत युनिकोडला स्वतंत्र प्रकरण मिळाले. विंडोज २००० मध्ये देवनागरीची जुळणी कार्यप्रणालीतच उपलब्ध झाल्यावर मराठी मजकूर सामान्य खिडक्यांत बिनचूक दाखविण्याचा मार्ग मोकळा झाला.

मूल्यमापन : या प्रवेशिका-ग्रंथांतील बरीचशी फंक्शने, पडद्यांची मापे व स्मृतीच्या मर्यादा आता कालबाह्य झाल्या आहेत. तथापि त्यांनी शिकविलेली मूळ कल्पना टिकून आहे. संगणकाच्या जालावरील पृष्ठ असो वा हातातील दूरध्वनीचा पडदा असो, आज्ञावली आजही घटनेची वाट पाहते, बोलावणे येताच थोडक्यात काम उरकते व ताबा परत देते. साधनांनी ही यंत्रणा झाकली. तिचे आकलन करून देण्याचे काम मात्र संथपणे, एकेक ओळ उलगडणाऱ्या ग्रंथांनी केले. ऐंशी ओळींची ती पहिली आज्ञावली स्वतः टंकित करून, चुका सुधारून खिडकी उघडलेली पाहणारा वाचक त्या खिडकीचा नुसता वापर करणारा राहिला नाही. ती कशी उभी राहते हे त्याला कळले. चित्रमय संवादपटलांच्या इतिहासात या ग्रंथांचे महत्त्व यामुळेच आहे.