फँटम मराठीत 'वेताळ' कसा झाला? इंद्रजाल कॉमिक्स ते हॉलिवूड, एका मुखवट्याची गोष्ट

अंगाला घट्ट बसणारा जांभळा पोशाख, डोळ्यांवर काळा मुखवटा आणि बोटात कवटीची अंगठी. जगासाठी तो 'फँटम'. इंद्रजाल कॉमिक्स वाचत मोठ्या झालेल्या मराठी पिढीसाठी मात्र तो 'वेताळ'. विक्रम राजाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगणारा वेताळ वेगळा. हा थेट अमेरिकेतून आलाय.

वेताळ नेमका कोण?

लेखक ली फॉक यांची ही चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ पासून अमेरिकन वृत्तपत्रांत सुरू झाली. सुरुवातीची चित्रं रे मूर यांची. १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक तरुण वडिलांच्या मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ घेतो, की मी आणि माझे वंशज अन्यायाविरुद्ध लढत राहू. तेव्हापासून बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो. लोकांना वाटतं, चारशे वर्षं एकच माणूस जिवंत आहे! कॉमिक्समधला वेताळ हा २१वा. त्याच्याकडे कसलीही जादू नाही. लोकांचा हा समज हीच त्याची खरी ताकद.

मराठीत कसा आला?

टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. पहिला अंक फँटमचाच होता. इंग्रजीबरोबरच मराठीसह इतर भारतीय भाषांतही अंक निघाले आणि मुंबईची ही कॉमिक्स पुणे-सोलापूरच्या मुलांच्या हातात पडली.

इथे आणताना काही नावं बदलली गेली. फँटमच्या 'बंगाला' देशाचं 'डेंकाली' झालं, मारेकरी 'रामा' हा 'रामालू' झाला. पण सगळ्यात चपखल बसलं ते 'वेताळ' हे नाव. मराठी माणसासाठी वेताळ म्हणजे नुसतं भूत नाही. गोवा-कोकणात तो गावाचा राखणदार आहे, पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे. लोक ज्याला भितात आणि ज्याच्या भरवशावर निर्धास्त झोपतात, असा हा देव. जंगलाची राखण करणाऱ्या नायकाला याहून चांगलं नाव मिळणं अवघड होतं.

१९७६ मध्ये आबिद सुरती यांचा 'बहादूर' हा देशी नायकही इंद्रजालमध्ये आला. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं.

पडद्यावर काय झालं?

- १९४३: टॉम टायलर यांची १५ भागांची चित्रपटमालिका
- १९८६: 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' कार्टून, सोबत मॅन्ड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन
- १९९४: 'फँटम २०४०', भविष्यातल्या २४व्या फँटमची कार्टून मालिका
- १९९६: बिली झेन यांचा हॉलिवूडपट, तिकीटबारीवर आपटला
- २०१०: रायन कार्न्स यांची टीव्ही मिनी सिरीज

आज वाचताना काय खटकतं?

आफ्रिकेच्या जंगलात स्थानिकांना वाचवायला पिढ्यानपिढ्या गोराच माणूस लागतो, ही मूळ कल्पना वसाहतवादी काळातली आहे. जुने अंक आवडीने वाचतानाही हे लक्षात ठेवायला हवं.

आता वेताळ कुठे आहे?

अमेरिकेतली मूळ चित्रमालिका आजही सुरू आहे. ऑस्ट्रेलियात 'फ्रू' ही प्रकाशन संस्था १९४८ पासून फँटमची कॉमिक्स काढतेय. मराठी वेताळ मात्र आता जुन्या पुस्तकांच्या बाजारात आणि संग्राहकांच्या कपाटांत सापडतो. त्यामुळे माळ्यावरची जुनी पेटी रद्दीत देण्याआधी एकदा उघडून बघा.