कोकम
कोकम : (रातांबा, भिरंड, सं. वृक्षाम्ल; शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका; कुल क्लुसिएसी). कोकण, गोवा व कर्नाटकाच्या किनारपट्टीत आणि पश्चिम घाटाच्या उतारावर वाढणारा सदाहरित वृक्ष. त्याच्या ताज्या फळाला रत्नागिरी-सिंधुदुर्गात रातांबा व गोव्यात भिरंड म्हणतात. वाळवलेली साल म्हणजे आमसूल किंवा सोल. नर व मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून केलेले रोप कोणते, हे काही वर्षांनी फुलोरा आल्यावरच कळते. म्हणून बागायतदार मादी झाडाची कलमे लावतात. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात. उशिरा पिकणारी फळे पावसात सापडतात आणि झाडाखाली सडून जातात, हे कोकणचे दरवर्षीचे नुकसान आहे. आमसुलांसाठी फळ फोडून बी व गर काढतात, गराच्या रसात मीठ घालतात, साली त्यात भिजवून उन्हात टाकतात आणि हाच क्रम चार-पाच दिवस करतात. प्रत्येक पुटाला साल अधिक काळी व लवचीक होते. घाईत एक-दोन पुटांवर उरकलेले आमसूल कढीत टाकताच ओळखू येते. मीठ घातलेल्या रसाला आगळ म्हणतात, तर साली साखरेत मुरवून अमृत कोकम होते. बियांतील तेल साध्या हवेत घट्ट राहते. टाचांच्या भेगांवर ते गरम करून लावतात.

उन्हातून आलेल्याला आगळाचे सरबत देण्याची रीत शहाणपणाची आहे, कारण घामावाटे गेलेले पाणी व मीठ दोन्ही त्यातून परत मिळते. जड जेवणावर सोलकढी घेतात. अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की आमसूल भिजवलेले पाणी पोटात देतात व अंगालाही लावतात. या उपायांमागे पिढ्यांचा अनुभव आहे. माणसांवरील मोठ्या चाचण्यांचा आधार मात्र नाही. गांधींबरोबर ओठ सुजले किंवा धाप लागली, तर आमसुलावर विसंबून न राहता तातडीने दवाखाना गाठावा. बांगड्याच्या आमटीत आमसूल घातल्याने हिवस वास कमी होतो, तो आम्लामुळे. सालीचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा असून प्रयोगशाळेत त्यांचा व गार्सिनॉलचा ऑक्सिडीकरणरोधक गुण दिसला आहे.

आगळात मीठ पुष्कळ असते. रक्तदाबाच्या रुग्णाने ते बेताने घ्यावे. मधुमेह्याने अमृत कोकमाऐवजी आमसुले नुसत्या पाण्यात भिजवावीत. आगळ काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीतच ठेवावे.

कोकमात व त्याच्या जातभाई मलबारी चिंचेत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते. त्याच्या अर्काच्या गोळ्या वजन घटवण्यासाठी विकल्या जातात. मलबारी चिंचेच्या अर्काची 1998 मध्ये अमेरिकेत 135 जणांवर 12 आठवडे चाचणी झाली, तेव्हा अर्क घेणारे व नकली गोळी घेणारे यांच्या वजनघटीत लक्षणीय फरक आढळला नाही. असे अर्क घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचीही नोंद आहे. या गोळ्या आणि वाटीभर सोलकढी यांना एकाच मापाने मोजणे चूक आहे. कढीत आमसुले तीन-चारच पडतात.