आधी मेहनत, मग खुराक: कोल्हापूरच्या तालमींचा आहारक्रम

कोल्हापूरच्या तालमींत खुराकाला मेहनतीइतकाच मान आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (1894 ते 1922) कुस्तीला राजाश्रय मिळाला. मल्लांच्या खुराकाचा भार दरबाराने उचलला आणि 1912 साली खासबाग मैदान उभे राहिले. संस्थान विलीन झाल्यावर हा भार घरच्यांवर, गावावर आणि कुस्तीच्या चाहत्यांवर आला. तरी गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींकडे खेड्यापाड्यांतील पोरांची रीघ चालूच राहिली. 1959 साली पहिले हिंदकेसरी ठरलेले श्रीपती खंचनाळे याच परंपरेतले.

तालमीचा दिवस पहाटे जोर-बैठकांनी सुरू होतो. त्यानंतर तांबड्या मातीत लढती होतात आणि अंग निवल्यावर थंडाई येते. रात्रभर भिजवलेले बदाम सोलून खसखस, बडीशेप, मिरी आणि खरबुजाच्या मगजाबरोबर कुंडीत घोटले की थंडाई तयार होते. पुढे तूप, चपाती-भाकरी, अंडी, मटण असे जेवण, दुपारची झोप, संध्याकाळी पुन्हा मेहनत आणि शेवटी म्हशीचे दूध. कशाच्या आधी काय घ्यायचे आणि किती, हे वस्ताद ठरवतो. भरल्या पोटी मेहनत करू नये, हा त्यातला पक्का नियम. त्यामागचे कारण साधे होते: अंग जड होते, दम लागतो, खाल्लेले पचत नाही.

या नियमाला ॲलर्जीचीही एक बाजू आहे. दूध, अंडी, बदाम आणि गहू हे खुराकातले पदार्थ जगभर अन्नाच्या ॲलर्जीच्या प्रमुख कारणांत मोडतात. बहुतेक मल्लांना ते पचतात. मात्र ज्याच्या रक्तात अशा एखाद्या प्रथिनाविरुद्ध ‘आयजीई’ ही ॲलर्जी घडवणारी प्रतिपिंडे असतात, त्याच्या बाबतीत ते प्रथिन किती प्रमाणात आणि किती वेगाने रक्तात उतरते याला महत्त्व येते.

अन्नातील प्रथिनांचे पचनात बारीक तुकडे होतात. तरी थोडा अंश न मोडता आतड्यातून रक्तात जातो. न्यूयॉर्कमधील मॅथ्यू वॉल्झर यांनी 1920 च्या दशकात निरोगी माणसांवर प्रयोग करून हे दाखवले. जोरदार व्यायामात हा अंश वाढू शकतो. रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळते. अतिश्रमात आतड्याकडचा रक्तप्रवाह 80 टक्क्यांपर्यंतही घटतो. प्राणवायू कमी पडल्याने आणि अंगातली उष्णता वाढल्याने आतड्याच्या अस्तरातील पेशींचे सांधे सैल पडतात, आणि एरवी अडणारे मोठे रेणूही आत शिरू लागतात.

खाऊन व्यायाम केल्याने होणाऱ्या ॲलर्जीची दखल वैद्यकात उशिरा घेतली गेली. 1979 साली अमेरिकेत एका धावपटूची नोंद झाली: कवचधारी जलचर खाऊन धावल्यावरच त्याला तीव्र ॲलर्जी होई. पुढे गव्हाबाबत असे अनेक रुग्ण आढळले. 1999 साली फिनलंडमधील संशोधकांनी त्यामागचे मुख्य प्रथिन ओळखले, ते ‘ओमेगा-5 ग्लायडिन’. 2005 साली जपानी संशोधकांनी अशा रुग्णांत गहू खाऊन व्यायाम केल्यावर रक्तातील ग्लायडिनचे अंश वाढतात, हे मोजून दाखवले. ॲस्पिरिननेही तोच परिणाम दिसला. आतड्याची गळती हे एकच कारण मात्र नव्हे. व्यायामात ॲलर्जीच्या पेशी अधिक सहज चेततात, असाही विचार मांडला जातो.

या ज्ञानाच्या उजेडात तालमीचा क्रम पाहिला तर त्याचे मोल कळते. सकाळची मेहनत जवळजवळ रिकाम्या पोटी होते, आणि दुपारचे जेवण व संध्याकाळची मेहनत यांच्यामध्ये काही तासांची विश्रांती असते. अशा रुग्णांना डॉक्टरही व्यायामाआधी सुमारे 4 तास तो पदार्थ टाळायला सांगतात. वस्तादांनी हा नियम ॲलर्जीसाठी घातला नव्हता आणि तो पुरते संरक्षणही देत नाही: काहींना जेवणानंतर बऱ्याच तासांनी, तर काहींना व्यायामानंतर लगेच खाल्ल्यानेही त्रास होतो. म्हणून मेहनत करताना अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घरघरला किंवा भोवळ आली, तर ती थकव्याची खूण समजू नये. मेहनत तिथेच थांबवावी आणि मल्लाला तातडीने रुग्णालयात न्यावे. पुढचा खुराक डॉक्टरांच्या तपासणीनंतरच ठरवावा.